स्विचची किल्ली कोणाच्या हाती?

(गटातील मुख्याध्यापक व संगणक-शिक्षक यांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या परिषदेत आपण वाचनाविषयी बोलतो, गणन-लेखनाविषयी बोलतो, पटनोंदणीविषयी बोलतो. आज मी एका लहानशा लोखंडी डब्याविषयी बोलणार आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. संगणक-कक्षाच्या भिंतीवर टांगलेला, निळ्या-पिवळ्या तारा ज्यात येऊन मिळतात व ज्याच्यावर हिरवे दिवे लुकलुकत असतात, तो हा डबा होय. त्यास स्विच म्हणतात. पंखा-दिव्याच्या बटणाशी त्याचा संबंध नाही. मी जन्माने वा शिक्षणाने यंत्रज्ञ नाही, डी.एड. होऊन पाटीपेन्सिलीच्या वर्गावर उभा राहिलेला शिक्षक आहे. तथापि एका प्रसंगाने मला या डब्याचा अभ्यास करावयास लावले. तो प्रसंग प्रथम सांगतो. शाळेचे व गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. शाळा डोंगराच्या कुशीत; टेकडीवर चढल्याशिवाय मोबाईलची रेंज मिळत नाही. दुपारी एकाएकी कार्यालयातील संगणकाचे इंटरनेट बंद पडले. नेहमीप्रमाणे गेले असेल, येईल, म्हणून सर्वांनी वाट पाहिली. चार वाजले, पाच वाजले. शेवटी मुख्याध्यापिकाबाई जनरल रजिस्टर पिशवीत घालून एका पालकाच्या मोटारसायकलवर बसून तालुक्याच्या गावी गेल्या आणि रात्री अकराच्या सुमारास उरलेली सात आवेदनपत्रे त्यांनी भरली. कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु ते टळले ते बाईंच्या निश्चयामुळे, आपल्या व्यवस्थेमुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा मनुष्य आला. त्याने पाहिले तो तार शाबूत, इंटरनेट शाबूत. मात्र कार्यालयाकडे जाणारे स्विचमधील दार, ज्यास पोर्ट म्हणतात, ते आतून बंद केलेले होते. आठवीतील एका मुलाने कक्षातील संगणकावरून ते बंद केले होते. गावात चर्चा झाली. मुलाने मुद्दाम शाळेचे काम अडविले, त्यास दाखला देऊन काढून टाकावे, असेही काहीजण म्हणू लागले. चौकशीसाठी मला पाठविण्यात आले.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मी त्यास जवळ बसवून विचारले, ‘बाळ, तुला पासवर्ड कोणी सांगितला?’ तो म्हणाला, ‘साहेब, त्या डब्यावरच लिहिलं होतं.’ मी उठून पाहिले. खरोखरच डब्याच्या बाजूस कारखान्याची चिकटपट्टी होती. तीवर स्विचचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड ही तिन्ही स्वच्छ अक्षरांत छापलेली होती. मुलाने तो पत्ता ब्राउझरमध्ये लिहिला, पडद्यावर दारांचे चित्र उमटले, प्रत्येक दारापुढे एक खूण होती. एक खूण काढली तर काय होते, हे त्यास पाहावयाचे होते. दिवा विझला. तो घाबरला आणि गप्प बसला.

आता माझ्या वाट्याचे सांगतो. त्यापूर्वी तीन महिन्यांनी मी त्याच शाळेच्या तपासणीस गेलो होतो. तो डबा मी पाहिला होता, ती चिकटपट्टीही पाहिली होती, आणि शेरेबुकात ‘संगणक-कक्षातील सर्व साहित्य सुस्थितीत आहे’ असा शेरा लिहून स्वाक्षरी केली होती. मुलाची चौकशी करावयास आलेल्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी त्या वहीत होती. त्या दिवसापासून मी हा विषय शिकू लागलो.

स्विचचे काम काय? संगणकांच्या तारा त्यात येऊन मिळतात. प्रत्येक संगणकाच्या जोडणीस कारखान्यातूनच एक बारा अंकाक्षरांचा पत्ता मिळालेला असतो. कोणत्या दारातून कोणत्या पत्त्याचा संदेश आला, हे स्विच पाहून ठेवतो व आपली एक यादी बनवितो. पुढे त्या पत्त्यासाठी संदेश आला, की तो सर्व दारांतून न ओरडता नेमक्या त्याच दारातून पोहोचवितो. नवा शिपाई जसा दोन दिवसांत कोणते गुरुजी कोणत्या वर्गावर असतात ते शिकून घेतो व चिठ्ठी नेमक्या वर्गात नेतो, तसेच हे आहे. एखादा पत्ता काही काळ, बहुधा पाच मिनिटे, बोललाच नाही, तर त्याची नोंद यादीतून पुसली जाते.

स्विचचे दोन प्रकार आहेत. एक साधा, तो जोडला की चालू झाला, त्यास काही सांगता येत नाही. दुसरा व्यवस्थापनीय, त्याच्या आत जाऊन त्यास आज्ञा देता येतात. कोणते दार उघडे, कोणते बंद, कोणते संगणक एका गटात, कोणते दुसऱ्या गटात, हे सर्व ठरविता येते. ही सोय फार मोलाची आहे. तथापि जो आत गेला त्यास हे सर्वच करता येते. तो कार्यालयाचे दार बंद करू शकतो. विद्यार्थ्यांचे संगणक व कार्यालयाचे संगणक यांमधील भिंत पाडू शकतो. एका दारातून जाणाऱ्या संदेशांची नक्कल दुसऱ्या दाराकडे वळवू शकतो. पासवर्ड बदलून खुद्द मुख्याध्यापकांनाच बाहेर ठेवू शकतो. आपल्या कार्यालयातील संगणकावर मुलांच्या जन्मतारखा, जातीची नोंद, पालकांचे बँक खाते, यू-डायस प्लसची माहिती असते. तेव्हा या डब्याची किल्ली म्हणजे दप्तराच्या कपाटाचीच किल्ली समजावयास हवी.

आत जाण्याच्या वाटा किती आहेत, हे आधी मोजले पाहिजे. पोषण आहाराच्या कोठीखोलीस एक दार असते, म्हणून एक कुलूप पुरते. स्विचला पाच वाटा असू शकतात.

पहिली वाट कन्सोलची. स्विचला स्वतंत्र तार लावून, त्याच्यासमोर बसून आज्ञा द्यावयाच्या. दुसरी टेलनेट. दुरून आज्ञा देण्याची ही जुनी रीत आहे. तीत पासवर्डासह प्रत्येक अक्षर उघडे जाते, जणू पोस्टकार्डावर लिहिलेले. तिसरी एसएसएच. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी चोरून पासवर्ड टिपले, तेव्हा टाटू इलॉनेन या फिनलंडच्या संशोधकाने १९९५ साली ही रीत निर्माण केली. तीत सर्व मजकूर कूटलिपीत जातो. चौथी वाट ब्राउझरची; आपला विद्यार्थी याच वाटेने गेला. तिचेही दोन प्रकार आहेत, एचटीटीपी ही उघडी व एचटीटीपीएस ही बंद पाकिटाची. पाचवी एसएनएमपी. यंत्रांची प्रकृती दुरून विचारण्यासाठी १९८८ साली ही पद्धत ठरली. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एक परवलीचा शब्द असला की पुरे होते, आणि अनेक यंत्रांत तो शब्द कारखान्यातूनच ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा येतो. जगात सर्वांना माहीत असलेला शब्द परवलीचा कसा म्हणावा? तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटविण्याची व कूटलिपीची सोय आहे.

कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवल्याने काय होते, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम पसरला. त्याच्याजवळ काही अद्भुत विद्या नव्हती. कारखान्यातून येणारी नावे व पासवर्ड यांच्या सुमारे साठ जोड्यांची यादी त्याच्यापाशी होती. इंटरनेटवर टेलनेटची वाट उघडी असलेले कॅमेरे व घरगुती राउटर शोधावयाचे आणि ती यादी एकामागून एक लावून पाहावयाची, एवढेच त्याचे काम. अशी असंख्य यंत्रे त्याच्या ताब्यात गेली, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या माऱ्याने अमेरिकेतील अनेकांना मोठमोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. आपल्या विद्यार्थ्याने जी चिकटपट्टी वाचली, तिचीच ही थोरली बहीण.

आता उपाय. मी ते ज्या क्रमाने करावेत त्याच क्रमाने सांगतो. कृपया टिपून घ्यावेत.

प्रथम, कारखान्याचा पासवर्ड स्विच चालू केल्याच्या दिवशीच बदलावा. शाळेचे नाव, गावाचे नाव, शाळेचा यू-डायस क्रमांक हे पासवर्ड म्हणून ठेवू नयेत. ते फलकावर लिहिलेले असतात. चार-पाच असंबद्ध शब्द एकत्र जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो व सहसा ओळखता येत नाही. तो लिहून पाकिटात मोहोरबंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, संगणकाच्या कडेला चिकटवू नये. स्विचमध्ये सोय असल्यास प्रत्येक अधिकृत व्यक्तीचे स्वतंत्र नाव ठेवावे. सर्वजण एकाच नावाने आत गेले, तर कोणी काय केले हे कधीच कळणार नाही.

दुसरे, ज्या वाटा लागत नाहीत त्या बंद कराव्यात. टेलनेट व उघडी एचटीटीपी बंद करून एसएसएच किंवा एचटीटीपीएस यांपैकी आपणांस वापरता येईल ती एक ठेवावी. एसएनएमपी कोणी वापरीत नसेल, तर तीही बंद करावी. वापरीत असतील, तर तिसरी आवृत्ती ठेवावी. त्यापूर्वी एक पाहावे, की नवी वाट खरोखर चालते आहे. नवे दार उघडते याची खात्री न करता जुने भिंतीने बुजवू नये.

तिसरे, आत कोठून येता येईल हे ठरवावे. आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. पासवर्ड बरोबर असला तरी प्रत्येक संगणकावरून आत जाता येण्याचे कारण नाही. एकाच स्विचमध्ये संगणकांचे निरनिराळे गट पाडता येतात. त्या गटास व्हीलॅन म्हणतात. एकाच इमारतीत पडदे टाकून वर्ग वेगळे करावेत तसे हे आहे. समजा, विद्यार्थ्यांचे संगणक २० क्रमांकाच्या गटात, कार्यालय ३० क्रमांकाच्या गटात, आणि स्विचचा स्वतःचा व्यवस्थापनाचा पत्ता ९९ क्रमांकाच्या गटात ठेवला. बहुतेक स्विचमध्ये आरंभी सर्व दारे एक क्रमांकाच्या गटात असतात व व्यवस्थापनही तेथेच असते; म्हणूनच कक्षातील मुलास ते दिसले.

परंतु गट पाडले म्हणजे काम संपले असे नाही. गटागटांत दळणवळण करून देणारा राउटर असेल, तर तो एका गटातून दुसऱ्या गटात वाट करून देतोच. म्हणून प्रवेशयादी लावावी लागते. स्विचचा पत्ता १९२.१६८.९९.२ व ज्या संगणकावरून व्यवस्थापन करावयाचे त्याचा १९२.१६८.९९.१० असेल, तर यादीत लिहावयाचे, की या दहा क्रमांकाच्या संगणकास प्रवेश द्यावा, इतर कोणासही देऊ नये. यादी वरून खाली वाचली जाते. जी ओळ प्रथम लागू पडते तीच चालते व पुढे वाचले जात नाही. म्हणून ‘कोणासही देऊ नये’ ही ओळ वर लिहिली, तर खालची परवानगी व्यर्थ होते. पुष्कळ स्विचमध्ये यादीच्या अखेरीस ‘इतर कोणासही नाही’ ही ओळ न लिहिताच गृहीत असते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक चूक वारंवार होते. एसएसएचच्या वाटेवर यादी लावली, की लोक निश्चिंत होतात. ब्राउझरची व एसएनएमपीची वाट तशीच उघडी राहते. अनेक स्विचमध्ये प्रत्येक वाटेवर यादी स्वतंत्रपणे लावावी लागते. म्हणून काम संपल्यावर विद्यार्थ्यांच्या संगणकावर बसून प्रत्येक वाटेने आत जाण्याचा प्रयत्न स्वतः करून पाहावा. आत जाता येत नाही हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच शेरा लिहावा.

चौथे, बसून उठून गेलेल्या मनुष्याची वाट आपोआप बंद व्हावी. पाच-दहा मिनिटे काही काम न झाल्यास स्विचने बाहेर काढावे, अशी योजना करता येते. स्विचचे घड्याळ बरोबर लावून कोण केव्हा आत आले याची नोंद ठेवण्याची सोय असल्यास ती चालू करावी, आणि महिन्यातून एकदा ती वाचावी.

पाचवे, डबा कुलुपात असावा. वर सांगितलेले सर्व केले तरी ज्याचा हात डब्यापर्यंत पोहोचतो, तो एक बारीक बटण काही क्षण दाबून धरून अनेक स्विच पुन्हा कारखान्यातल्या स्थितीत नेऊ शकतो. मग सारे मुसळ केरात. हवा खेळती राहील असे जाळीचे कपाट करावे व त्याची किल्ली इतर किल्ल्यांबरोबर नोंदवावी. ज्या शाळेत साधा स्विच आहे, तेथे आत जाण्याचा प्रश्न नाही. तेथे हे कपाट हाच बहुतांशी उपाय आहे.

आता एक सावधगिरी, आणि तीही माझ्याच चुकीतून आलेली. वरील गोष्टी शिकल्यावर मी उत्साहाने एका शाळेत प्रवेशयादी लावली. दहा क्रमांकाच्या संगणकास परवानगी लिहिली, समाधानाने पडदा बंद केला. पुन्हा उघडावयास गेलो तो दार उघडेना. मी ज्या संगणकावर बसलो होतो त्यास त्या दिवशी आपोआप अकरा क्रमांक मिळालेला होता. मी मलाच बाहेर कोंडून घेतले होते. सुदैवाने बदल स्विचच्या कायम स्मृतीत साठविण्याची आज्ञा मी दिली नव्हती. वीज बंद करून पुन्हा चालू करताच जुनी व्यवस्था परत आली. सर्वच स्विच इतके दयाळू नसतात. काही लहान स्विच बदल तत्काळ कायम करतात, आणि मग सर्व पुसून आरंभापासून मांडावे लागते.

यावरून मी चार नियम केले आहेत. व्यवस्थापनाच्या संगणकास कायमचा ठरलेला पत्ता द्यावा. बदलापूर्वी जुन्या मांडणीची प्रत काढून ठेवावी. बदल केल्यावर चालू पडदा तसाच उघडा ठेवून दुसऱ्या पडद्यावरून नव्याने आत जाऊन पाहावे. जमले तरच बदल कायम करावा. आणि कन्सोलची तार कपाटात असावी, कारण दुरून येण्याच्या सर्व वाटा बंद झाल्या तरी समोर बसून आत जाण्याची ती वाट उरते. तीसही अर्थात पासवर्ड हवा.

कोणी विचारील, की एवढे केल्यावर धोका उरत नाही काय? उरतो. पत्ता पाहून प्रवेश देणे म्हणजे गणवेश पाहून मुलास ओळखणे होय; गणवेश दुसराही घालू शकतो. त्याच गटात शिरलेला मनुष्य आपल्या संगणकाचा पत्ता बदलून दहा क्रमांक घेऊ शकतो. म्हणून यादी ही पासवर्डाच्या जागी नसून त्याच्या जोडीला आहे, आणि ९९ क्रमांकाच्या गटाचे दार कक्षात मोकळे ठेवू नये.

शेवटी बदलीविषयी. आपण सारे बदलीचे धनी. कार्यभार देताना आपण जडवस्तूंची यादी देतो, किल्ल्या देतो, रजिस्टरे देतो. या पुढे त्या यादीत स्विचचे पाकीटही असावे, आणि नव्या मुख्याध्यापकांनी ते उघडून, एकदा आत जाऊन, पासवर्ड बदलून नवे पाकीट करावे. पासवर्ड बदलून गेलेल्या गुरुजींच्या स्मरणात राहिला व शाळेत कोणालाच ठाऊक नाही, ही स्थितीही उघड्या दाराइतकीच वाईट आहे.

त्या मुलाचे काय झाले, असे आपण मनात म्हणत असाल. मी अहवालात लिहिले, की दार उघडे ठेवण्याचा दोष शाळेचा व तपासणी अधिकाऱ्याचा आहे. विद्यार्थ्याचा दोष एवढाच, की दिवा विझल्यावर त्याने गुरुजींना सांगितले नाही. ते त्यास समजावून दिले. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी तो शेरा वाचून दाखविला, तेव्हा दाखल्याची भाषा थांबली. पुढे संगणक-शिक्षकांनी नवा पासवर्ड घातला, यादी लावली, आणि त्याच मुलास कक्षातील संगणकावर बसवून म्हणाले, ‘आता जाऊन दाखव.’ त्याने पाचही वाटा करून पाहिल्या. एकही उघडली नाही. पाचवी मिटल्यावर तो मोठ्याने हसला, आणि त्या घटनेनंतर तो शाळेत प्रथमच हसला, असे बाईंनी मला सांगितले.

बंधुभगिनींनो, मुलांनी खुणा काढून पाहाव्यात, दिवा का विझला हे विचारावे, यासाठीच आपण संगणक-कक्ष उघडले आहेत. त्यांचे कुतूहल अपराध ठरू नये, एवढी व्यवस्था मोठ्यांनी करून ठेवावयाची असते. उद्या शाळेत गेल्यावर प्रथम त्या डब्यावरील चिकटपट्टी वाचावी, आणि तीवरील पासवर्ड आजही चालतो काय, ते पाहावे. पुढील तपासणीस मी येईन तेव्हा ‘सुस्थितीत आहे’ असे लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या संगणकावर बसून मीही दार ठोठावणार आहे. ते उघडू नये, अशी माझी आपणांस विनंती आहे.